सर आदमजी पीरभॉय

सर आदमजी पीरभॉय (मृत्यू : १९१३) हे मुंबईतील दाऊदी बोहरा समाजाचे उद्योगपती व दानशूर गृहस्थ होते. सौराष्ट्रातील धोराजीच्या सामान्य कुटुंबातून ते पुढे आले आणि ब्रिटिश फौजेला तंबू पुरवून धनाढ्य झाले. १८९७ साली ते मुंबईचे शेरीफ होते.

महाराष्ट्रात त्यांचे स्मरण राहावे ते माथेरानमुळे. तेथे जाण्यास पूर्वी नेरळहून घोडा, डोली किंवा पायी चढण एवढेच मार्ग होते. पुत्र अब्दुल हुसेन यांनी रेल्वेचा ध्यास घेतला आणि पित्याने सुमारे १६ लाख रुपये पुरविले. म्हणूनच ‘इंग्रजांनी बांधलेली रेल्वे’ हे तिचे सरसकट होणारे वर्णन बरोबर नाही. बार्शी लाइट रेल्वेचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे मात्र सल्लागार होते. १९०४ मध्ये काम सुरू होऊन मार्च १९०७ मध्ये गाडी धावू लागली. दोन फुटी रुळांचा हा मार्ग दातेरी पट्टीविना, केवळ वळणे घेत, थेट बाजारपेठेतील माथेरान स्थानकात पोहोचतो. मोटारींना आजही अलीकडे दस्तुरी नाक्यापाशीच थांबावे लागते. २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला होता. दुरुस्तीनंतर २००७ मध्ये, म्हणजे शताब्दीच्याच वर्षी, तो पुन्हा सुरू झाला.