तेजोमेघांचा प्रकाश वाचणारे कावसजी नायगमवाला

तेजोमेघांच्या छायाचित्रांत माणसाला ओळखीच्या आकृती दिसतात. १८८८ साली अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेने घेतलेल्या एका छायाचित्राची काच तपासताना विल्यमिना फ्लेमिंग यांना मृग नक्षत्रातील एका उजळ पट्ट्यात काळी खाच आढळली. पुढे तिच्यात घोड्याचे मस्तक दिसू लागले आणि अश्वशीर्ष हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी पुण्यात एक वेधशाळा उभी राहिली. या आकृती कशाच्या बनल्या आहेत, हा प्रश्न तेथे विचारला जाणार होता. तिचे संस्थापक होते कावसजी दादाभाई नायगमवाला.

१८५७ साली पारशी कुटुंबात जन्मलेल्या नायगमवाला यांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. तेथेच ते भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. १८८२ साली भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी ५ हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तितकीच भर घातली. १८८४ साली नायगमवाला इंग्लंडला गेले. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांतील मूलद्रव्ये ओळखण्याचे शास्त्र तेव्हा नवे होते. या शास्त्राचे अग्रणी सर नॉर्मन लॉकियर यांच्या सल्ल्याने वेधशाळा याच कामास वाहून घ्यावी, असे ठरले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाच्या, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या आवारात 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' साकारली. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली परावर्तक दुर्बीण हे तिचे मुख्य साधन होते.

मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या खाली नुसत्या डोळ्यांना अंधूक ठिपक्यासारखा दिसणारा तेजोमेघ आहे. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा आढळते. ही रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या अशनींचे थवे होत, असा लॉकियर यांचा सिद्धान्त होता. त्यानुसार ही रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष असून तिची एक कड अस्पष्ट, विरत जाणारी असायला हवी होती. विल्यम हगिन्स यांना हे मान्य नव्हते.

या वादाचा निर्णय निरीक्षणानेच होणार होता. नायगमवाला यांनी पुण्यातून या रेषेचे वारंवार निरीक्षण केले. प्रत्येक वेळी ती अरुंद आणि रेखीवच दिसली. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा घडली, त्यांच्याच सिद्धान्तास हा पुरावा प्रतिकूल होता. तरीही १८९१ साली त्यांनी तो लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

२२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. लॉकियर विजयदुर्गला आले होते. नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे स्वतंत्र तळ उभारून सूर्याच्या प्रभामंडलाची आणि वर्णपटाची छायाचित्रे घेतली.

वेधशाळा मात्र एका माणसाच्या ध्यासावर चालत होती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि ती बंद करण्यात आली. तिची साधने तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेकडे गेली. २० इंच व्यासाची दुर्बीण तेथे भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाऊ लागली. भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण हा मान अनेक वर्षे तिच्याकडे होता.

हिरव्या रेषेचे कोडे अखेर १९२७ साली अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी उलगडले. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची रेषा होती. अतिविरळ वायूतच ती उमटत असल्याने प्रयोगशाळेत कुणाला सापडली नव्हती. मॅग्नेशियमचा तिच्याशी संबंध नव्हता. नायगमवाला तेव्हा हयात होते. १९३८ साली त्यांचे निधन झाले.

मृगातील त्या तेजोमेघाच्या आजच्या रंगीत छायाचित्रांत कुणाला पंख पसरलेला पक्षी दिसतो, कुणाला माशाचे उघडे तोंड. त्यांतील हिरवट छटा बहुतांशी त्याच रेषेची असते, जी पुण्यातील एका अध्यापकाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी डोळ्यांत तेल घालून पाहिली आणि जशी दिसली तशीच नोंदविली.