लुई पाश्चर : रोगमुक्त अंडीपुंजांचा पाया घालणारा शास्त्रज्ञ

जवाहरनगर असो की भंडारा जिल्ह्यातील जंगलालगतचे एखादे गाव, पाश्चर हे नाव बहुतेकांना कुत्रा चावल्यावरच्या लसीमुळे माहीत असते. मात्र ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर कोसा घेणारा शेतकरी दर हंगामात त्यांच्याच पद्धतीचा लाभ घेतो.

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल येथे झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. पाश्चर शिकले रसायनशास्त्र. १८६५ मध्ये त्यांचे गुरू द्युमा यांनी त्यांच्यावर वेगळेच काम सोपवले. पेब्रिन रोगामुळे फ्रान्सचे कोष उत्पादन १८५३ मधील सुमारे २ कोटी ६० लाख किलोवरून ४० लाख किलोपर्यंत घसरले होते. पाश्चर यांनी तोवर रेशीम अळी हाताळलीही नव्हती. कोषाच्या आत काय असते, हे त्यांना कीटकतज्ज्ञ फाब्र यांनी दाखवले.

अळीच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसत. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक लंबगोल कण आढळत. हे कण रोगाचे कारण नसून परिणाम आहेत, असे पाश्चर यांना आधी वाटले. ही चूक होती. सहकाऱ्यांच्या प्रयोगांनंतर १८६७ च्या सुमारास त्यांनी मत बदलले. कण रोगकारक परजीवीचेच होते. पाल्यातून ते अळीच्या पोटात जात आणि मादीकडून अंड्यांत उतरत.

याच काळात त्यांचे वडील आणि दोन मुली वारल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. तरीही काम थांबले नाही. १८७० मध्ये त्यांनी रेशीम अळीच्या रोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १८८५ मध्ये रेबीजची लस यशस्वी झाली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले.

अळीचे स्वतःचे संरक्षण

कीटकाची कातडी हा पहिला अडसर. आत शिरलेल्या जंतूंना रक्तपेशी गिळतात किंवा घेरून काळ्या थराने बंद करतात. उझी माशीची अळी आत शिरलेल्या जागी दिसणारा काळा डाग याच लढाईची खूण आहे. विषाणूंची जनुकीय सामग्री तोडणारी यंत्रणाही पेशींत असते. मात्र माणसासारखी प्रतिपिंडे कीटकांत तयार होत नाहीत. पेब्रिन तर अंड्यातूनच आलेला असतो, त्यामुळे अळीचा बचाव अपुरा पडतो.

शेतकऱ्यांनी काय करावे?

- अंडी घातल्यानंतर मादी पतंग कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा. कण आढळल्यास तिची अंडी जाळून टाकावीत. हीच पाश्चर यांची पद्धत.
- तपासलेले रोगमुक्त अंडीपुंजच वापरावेत. घरचे न तपासलेले बियाणे टाळावे.
- रोगट व मेलेल्या अळ्या झाडाखाली टाकू नयेत. गोळा करून जाळाव्यात किंवा चुना टाकून खोल पुराव्यात.
- एका झाडावर अळ्यांची गर्दी करू नये. पाला संपण्याआधी अळ्या दुसऱ्या झाडावर हलवाव्यात. उपासमारीने अळीची प्रतिकारशक्ती घटते.

पेब्रिन झालेली अळी औषधाने बरी करण्याचा खात्रीचा उपाय शेतकऱ्याच्या हाती नाही. म्हणून अंडीपुंज घेतानाच, ते तपासलेले आहेत का, हे विचारावे.