केकी मूस आणि गळतीचा शोध

इमेज प्रोसेसिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लॅबमधला पीसी, वेबकॅम आणि सी प्लस प्लसचा कोड येतो. पण आपल्या खान्देशात हेच काम पाणी, रसायनं आणि अंधार यांच्या मदतीने करणारा एक माणूस होऊन गेला. मी पिंप्राळ्याचा. जळगाव स्टेशनवरून गाडी पकडली की पाचोऱ्यानंतर चाळीसगाव येतं. तिथे स्टेशनजवळच या माणसाचं घर आहे. नाव केकी मूस.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. विल्सन कॉलेजात शिकल्यावर ते इंग्लंडला गेले, कमर्शियल आर्ट आणि फोटोग्राफी शिकले आणि १९३८ साली परत आले. अशा माणसाने मुंबईत स्टुडिओ थाटायला हवा होता ना? त्यांनी चाळीसगाव निवडलं. घराला नाव दिलं ‘रेम्ब्राँज रिट्रीट’, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं एक-दोन अपवाद सोडले तर ते घराबाहेर पडलेच नाहीत. ते एका मुलीची वाट बघत होते आणि रोज रात्री पंजाब मेलच्या वेळी दार उघडून ठेवायचे, असं लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं काम. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यावर नेमका प्रकाश टाकून ते असे देखावे उभे करत की बघणाऱ्याला खरा डोंगर, खरा बर्फ वाटावा. याला टेबल-टॉप फोटोग्राफी म्हणतात. या कामासाठी त्यांना देशोदेशीची शेकडो बक्षिसं मिळाली.

आता यात इंजिनिअरिंग कुठे आलं? त्या काळच्या कॅमेऱ्याला घडीचा भाता असायचा. भात्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी आत प्रकाश शिरून निगेटिव्ह धुरकट व्हायची. भोक बाहेरून दिसत नाही. मग खोलीत पूर्ण अंधार करायचा, भात्याच्या आत दिवा लावायचा आणि बाहेरून एकेक घडी तपासायची. जिथे ठिपका चमकला, तिथे गळती.

आपली मेमरी लीकही अशीच लपून बसते. ६४० × ४८० ची एक रंगीत फ्रेम म्हणजे ९,२१,६०० बाइट. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सुमारे २३ एमबी. प्रत्येक फ्रेमसाठी जागा मागितली आणि परत दिलीच नाही, तर १ जीबी रॅम पाऊण मिनिटात संपते! ही मोठी गळती लगेच कळते. खरी वाईट ती बारीक गळती. फाइल उघडली नाही म्हणून फंक्शन मधूनच परत फिरतं आणि त्या एकाच वाटेवर फ्री करायचं राहून जातं. डेमोला दहा मिनिटं सगळं झकास चालतं, पण रात्रभर चालू ठेवायच्या कॅमेऱ्यावर प्रोग्राम पहाटे मरतो. रॅम वाढवली तर तो फक्त थोडा उशिरा मरतो.

इथेही दिवा आतच लावावा लागतो. प्रत्येक मॅलॉक आणि प्रत्येक फ्री मोजायचं, एकच फोटो हजार वेळा फिरवायचा आणि आकडा चढतोय का बघायचं. व्हॅलग्रिंडसारखं टूल हेच करतं. कोणत्या ओळीने घेतलेली जागा परत आली नाही, ते ते दाखवतं. पण टूल चालवल्यावर ती यादी शांतपणे वाचायला माणूसच लागतो.

केकी मूस यांच्याकडे ही शांतता होती. एका चित्रासाठी प्रकाश हवा तसा पडेपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती. आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं हवं असतं. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते गेले. त्यांचं घर आता कलासंग्रहालय म्हणून जपलं आहे. कोडमधली गळती सापडत नसेल, तेव्हा सुट्टीच्या दिवशी एकदा चाळीसगावला जाऊन या. कोड तिथे दुरुस्त होणार नाही, पण बघायचं कसं हे नक्की कळेल.