विश्लेषण : इंजिन एकच, गाड्या दोन! स्पोर्ट्स कार आणि ‘स्पोर्टी’ सेडान यांतला फरक कॉलिन चॅपमन यांनी कसा दाखवून दिला?

स्पोर्ट्स कार आणि ‘स्पोर्टी’ सेडान यांच्या जाहिरातींत अश्वशक्तीचे आकडे ठळक असतात. मात्र आकडे सारखे असले तरी दोन्ही गाड्या चालवताना सारख्या वाटतीलच असे नाही. याचे उत्तम उदाहरण १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये घडले. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी एकच इंजिन स्पोर्ट्स कारमध्येही बसवले आणि कौटुंबिक सेडानमध्येही. या दोन गाड्यांच्या गोष्टीत चॅपमन यांच्या आयुष्याचे सूत्रही सापडते आणि त्या सूत्राची किंमतही.

कोण होते कॉलिन चॅपमन?

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंडमध्ये झाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये ते स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शिकले. विद्यापीठाच्या हवाई पथकात त्यांनी विमान चालवण्याचे प्रशिक्षणही घेतले. गणिताचा पेपर राहिल्याने पदवी वर्षभर उशिरा हाती आली. शिकत असतानाच त्यांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन उघडून तिची शर्यतीची गाडी बनवायला घेतली होती.

१९५२ मध्ये, होणाऱ्या पत्नी हेझल विल्यम्स यांच्याकडून २५ पौंड उसने घेऊन त्यांनी लोटस इंजिनीअरिंग सुरू केली. वडिलांच्या पबमागचे जुने तबेले हाच पहिला कारखाना. मोठे इंजिन विकसित करण्याइतका पैसा नव्हता. त्यामुळे वेग वाढवायचा तर वजन कमी करणे, हाच मार्ग उरला होता. पूल किंवा विमान बांधताना जसा प्रत्येक भागावर येणाऱ्या भाराचा हिशेब मांडतात, तसाच तो चॅपमन यांनी गाडीत मांडला. जो भाग भार पेलत नाही, तो काढून टाकायचा. शक्य असेल तिथे एकाच भागाकडून दोन कामे करून घ्यायची.

इलान : हलकी आणि बुटकी

याच विचारातून १९६२ मध्ये दोन आसनांची लोटस इलान आली. तिच्या विकासात रॉन हिकमन यांचा मोठा वाटा होता. गाडीच्या मधोमध पोलादी कण्यासारखी चौकट आणि तिच्यावर फायबरग्लासची बॉडी अशी तिची रचना होती. वजन होते साधारण ६८० किलो. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक होते. सुरुवातीच्या मोजक्या गाड्या वगळता तिला १,५५८ सीसीचे ‘ट्विन कॅम’ इंजिन मिळाले. फोर्डच्या इंजिनावर हॅरी मंडी यांनी आखलेले नवे हेड बसवून ते तयार झाले होते. ताकद होती १०५ अश्वशक्ती.

कोर्टिना : घरच्या गाडीचा कायापालट

त्याच सुमारास फोर्डचे वॉल्टर हेज यांनी चॅपमन यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. हे इंजिन फोर्डच्या १,००० सेडानमध्ये बसवून द्यायचे, म्हणजे नियमानुसार ती गाडी सेडानच्या शर्यतीत उतरवता येईल. १९६३ मध्ये दोन दारांची लोटस कोर्टिना आली. पांढऱ्या रंगावर हिरवा पट्टा ही तिची ओळख. इंजिन तेच, ताकद १०५ अश्वशक्तीच. दरवाजे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे केले, गाडी जमिनीलगत आणली. तरीही चौघांच्या बसण्याची जागा आणि सामानाची डिकी असलेल्या या गाडीचे वजन साधारण ८४० किलो भरले.

फरक नेमका कुठे जाणवतो?

पहिला फरक वजनाचा. १०५ अश्वशक्ती वजनाने भागली तर इलानला टनामागे सुमारे १५४ अश्वशक्ती मिळते, कोर्टिनाला १२५. पण खरा फरक सरळ रस्त्यावर नव्हे, वळणावर कळतो. भरलेली बादली हातात घेऊन वळणे आणि रिकामी घेऊन वळणे यात जो फरक, तोच इथे. दिशा बदलताना जास्त वजन जास्त विरोध करते.

दुसरा फरक लांबी-उंचीचा. इलानच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर सुमारे २.१३ मीटर, तर कोर्टिनाचे जवळपास २.५ मीटर. इलानमध्ये चालक अगदी खाली, मागच्या चाकांजवळ बसतो. त्यामुळे स्टीअरिंग किंचित वळवताच गाडी चालकाभोवती फिरल्यासारखी वाटते. कोर्टिनात चालक उंच बसतो. वळणात बॉडी आधी कलते आणि मग गाडी वळण पकडते.

तिसरा फरक सस्पेन्शनचा. स्पोर्ट्स कार म्हणजे हाडे खिळखिळी करणारी, हा समज इलानने खोटा ठरवला. गाडी हलकी आणि चौकट ताठ असल्याने तिच्या स्प्रिंगा मऊ ठेवता आल्या आणि खडबडीत रस्त्यावरही चाके जमिनीला धरून राहिली. कोर्टिनाची मागची दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलवर होती. एक चाक खड्ड्यात गेले की त्याचा परिणाम दुसऱ्यावरही होई.

म्हणून कोर्टिना दुय्यम ठरते का? तसे नाही. स्कॉटिश ड्रायव्हर जिम क्लार्क यांनी १९६४ ची ब्रिटिश सेडान स्पर्धा याच गाडीतून जिंकली. वळणात आतले पुढचे चाक हवेत उचललेली कोर्टिना हे त्या काळातील शर्यतींचे गाजलेले दृश्य. तिची मजा गाडीला कह्यात ठेवण्यात होती, तर इलानची मजा गाडी सहज वळण्यात.

हलकेपणाची किंमत

चॅपमन यांचे सूत्र प्रत्येक वेळी बिनचूक ठरले नाही. कोर्टिनाच्या मागच्या ॲक्सलला त्यांनी ‘ए’ आकाराची हलकी जोडणी दिली होती. तिच्या ताणाने डिफरन्शियलमधून तेल गळे आणि रबरी बुश खराब होत. अखेर १९६५ मध्ये फोर्डच्या साध्या पाट्यांच्या स्प्रिंगा परत आणाव्या लागल्या.

रस्त्यावरच्या गाडीत अशी चूक दुरुस्त करता येते. शर्यतीत ती जिवावर बेतते. फॉर्म्युला वनमध्ये १९६३ ते १९७८ दरम्यान लोटसने सात वेळा कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद पटकावले. मात्र त्यांच्या गाड्या नाजूक असल्याची टीकाही होत राहिली. १९६९ मध्ये बार्सिलोनातील शर्यतीत विंग मोडून योखेन रिंट यांना अपघात झाला. त्यानंतर त्यांनी या नाजूकपणाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली होती. पुढच्याच वर्षी मॉन्झा येथे सरावादरम्यान त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटल्याचे निष्पन्न झाले. त्या वर्षीचे जगज्जेतेपद रिंट यांना मरणोत्तर मिळाले.

वादात झालेली अखेर

१६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले. वय अवघे ५४. त्या वेळी डीलोरियन या मोटार कंपनीला मिळालेल्या सरकारी पैशांच्या गैरव्यवहारात लोटसचे नाव आले होते. चॅपमन यांच्यावर खटला उभा राहिलाच नाही. मात्र त्यांचे आर्थिक सहकारी फ्रेड बुशेल यांना १९९२ मध्ये शिक्षा झाली.

आज काय उरले?

१९८९ मध्ये माझदाने एमएक्स-५ आणली, तेव्हा तिच्या अभियंत्यांपुढे इलानचा आदर्श होता. आजच्या गाड्यांत सुरक्षेच्या उपकरणांनी वजन वाढवले आहे आणि ते आवश्यकही आहे. तरीही टेस्ट ड्राइव्हला बसताना इलान-कोर्टिनाची तुलना उपयोगी पडते. अश्वशक्तीसोबत गाडीचे वजन पाहावे, आसन किती खाली आहे ते पाहावे आणि सरळ रस्त्यापेक्षा एखाद्या वळणावर, मर्यादित वेगात गाडी चालवून पाहावी. रोज घरच्यांना आणि सामानाला न्यायचे असेल, तर कोर्टिनाच्या वंशातली गाडीच सोयीची. ड्रायव्हिंगचा आनंद हाच हेतू असेल, तर आधी वजनाचा आकडा तपासलेला बरा.