इंदिरा देवी (कूचबिहार)

महाराणी इंदिरा देवी (जन्मनाव : इंदिराराजे गायकवाड, १९ फेब्रुवारी, १८९२ - ६ सप्टेंबर, १९६८) ह्या बडोदा संस्थानच्या राजकन्या आणि कूचबिहार संस्थानच्या महाराणी होत्या. पती महाराज जितेंद्र नारायण ह्यांच्या मृत्यूनंतर त्यांनी अल्पवयीन पुत्राच्या वतीने कूचबिहारचा कारभार राजप्रतिनिधी म्हणून पाहिला. ठरलेली सोयरीक स्वतः मोडून केलेला विवाह, शिफॉनच्या साडीला मिळवून दिलेली प्रतिष्ठा आणि इटालियन पादत्राणकार साल्वातोरे फेरागामो ह्यांच्या प्रमुख भारतीय ग्राहक म्हणून असलेली ओळख ह्यांमुळे त्या प्रसिद्ध आहेत. जयपूरच्या महाराणी गायत्री देवी ह्या त्यांच्या कन्या होत.

कुटुंब आणि बालपण

इंदिराराजे ह्या महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) आणि महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) ह्यांच्या एकुलत्या एक कन्या होत्या. सयाजीरावांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. दत्तकविधानाने ते १८७५ साली बडोद्याच्या गादीवर आले. १९०६ साली त्यांनी संस्थानभर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. देवासच्या घाटगे घराण्यातून आलेल्या चिमणाबाई स्त्रियांच्या शिक्षणाच्या व पडदा-निर्मूलनाच्या पुरस्कर्त्या होत्या. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी सहलेखिका म्हणून लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९११ साली प्रकाशित झाला. १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

अशा घरात इंदिराराजेंना भावांच्या बरोबरीने शिक्षण मिळाले. लक्ष्मीविलास राजवाड्यातील जीवन मराठी रीतिरिवाजांचे होते. त्याच वेळी आईवडिलांच्या वारंवार होणाऱ्या परदेश प्रवासांमुळे युरोपातील समाजजीवन, कलासंग्रह आणि वस्त्रव्यवसाय ह्यांचाही त्यांना लहानपणापासून परिचय झाला.

मोडलेली सोयरीक आणि विवाह

इंदिराराजेंचा विवाह ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे ह्यांच्याशी ठरला होता. गायकवाड आणि शिंदे ह्या दोन मोठ्या मराठा घराण्यांना जोडणारा हा संबंध राजकीयदृष्ट्याही महत्त्वाचा मानला जात होता. माधवराव वयाने त्यांच्याहून बरेच मोठे व आधीच विवाहित होते. त्यांच्या घराण्यातील पडद्याची रीतही इंदिराराजेंच्या संगोपनाशी जुळणारी नव्हती.

डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज ह्यांच्या सन्मानार्थ दिल्ली दरबार भरला. तेथे इंदिराराजेंची कूचबिहारचे राजकुमार जितेंद्र नारायण ह्यांच्याशी भेट झाली. त्यानंतर त्यांनी आईवडिलांना न कळवता माधवरावांना पत्र लिहून विवाहास नकार दिला. ही बातमी सयाजीरावांना ग्वाल्हेरहून आलेल्या तारेमुळे समजली. लग्नाची तयारी सुरू असताना वधूनेच नकार द्यावा, ही त्या काळातील संस्थानी समाजात अपूर्व गोष्ट होती.

कूचबिहारचे राजघराणे मराठा नव्हते, शिवाय ते ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. जितेंद्र ह्यांच्या मातोश्री सुनीती देवी ह्या केशवचंद्र सेन ह्यांच्या कन्या. जितेंद्र धाकटे असल्यामुळे त्यांना गादी मिळण्याचीही खात्री नव्हती. बडोद्याहून झालेला विरोध दोघांनीही मानला नाही आणि १९१३ साली लंडनमध्ये त्यांचा विवाह ब्राह्मो पद्धतीने झाला. वधूचे आईवडील ह्या विवाहास उपस्थित नव्हते. त्याच वर्षी जितेंद्र ह्यांचे ज्येष्ठ बंधू महाराज राजराजेंद्र नारायण ह्यांचे निधन झाले आणि जितेंद्र गादीवर आले. ह्या दांपत्याला इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री आणि मेनका अशी पाच अपत्ये झाली. कालांतराने माहेरशी संबंध पूर्ववत झाले.

राजप्रतिनिधी

२० डिसेंबर, १९२२ रोजी जितेंद्र नारायण ह्यांचे निधन झाले. त्या वेळी इंदिरा देवी तीस वर्षांच्या होत्या, तर गादीचे वारस जगद्दीपेंद्र सात वर्षांचे होते. राजप्रतिनिधी म्हणून संस्थानच्या कारभाराची जबाबदारी इंदिरा देवींवर आली. १९३६ साली जगद्दीपेंद्र ह्यांना पूर्णाधिकार मिळेपर्यंत ती त्यांच्याकडे होती. ह्या काळात त्यांचे वास्तव्य कूचबिहार, कोलकाता आणि युरोप असे विभागलेले होते.

पोशाखाची शैली

बडोद्याच्या राजस्त्रियांमध्ये नऊवारी लुगडे नेसण्याची पद्धत होती, तर कूचबिहारमध्ये बंगाली वळणाच्या साडीचा प्रघात होता. इंदिरा देवींनी ह्या दोन्हींहून वेगळा मार्ग स्वीकारला. त्या सहावारी साडी नेसत. पण तिच्यासाठी जड जरीच्या रेशमाऐवजी फ्रान्समध्ये विणलेले शिफॉन निवडत.

शिफॉन हे घट्ट पीळ दिलेल्या अतिशय बारीक धाग्याचे, साध्या विणीचे पारदर्शक कापड आहे. ते वजनाला हलके असते आणि अंगावर सहज घरंगळते. त्यामुळे निऱ्या फुगत नाहीत व पदर खांद्यावरून सरळ खाली येतो. युरोपात हे कापड झग्यांसाठी विणले जाई आणि त्याचा पन्हा साडीला अपुरा पडे. गायत्री देवींनी आत्मचरित्रात दिलेल्या माहितीनुसार, इंदिरा देवींनी पॅरिसमधील एका कापडपेढीकडून साडीला पुरेल अशा ४५ इंच पन्ह्याचे शिफॉन विणून घेतले. भारतीय नेसणीच्या गरजेनुसार युरोपीय विणकरांनी आपल्या मापात बदल केल्याचे हे उदाहरण आहे.

ह्या निवडीला सामाजिक संदर्भही होता. तत्कालीन उच्चवर्णीय हिंदू समाजात विधवेने रंग, दागिने आणि सार्वजनिक समारंभ ह्यांपासून दूर राहावे, अशी अपेक्षा असे. इंदिरा देवींनी वैधव्यानंतर समाजातून निवृत्ती पत्करली नाही. त्या दरबारात, मेजवान्यांत आणि युरोपातील वर्तुळांत वावरत राहिल्या. फिक्या रंगाचे साधे शिफॉन आणि त्यावर मोत्यांचे वा रत्नांचे मोजके अलंकार ही त्यांची ओळख बनली. पुढे अनेक राजघराण्यांतील स्त्रियांनी शिफॉनची साडी स्वीकारली. गायत्री देवींच्या नावाशी जोडली गेलेली शिफॉनची परंपरा मुळात त्यांच्या आईकडून आलेली आहे.

फेरागामो ह्यांच्याशी संबंध

साल्वातोरे फेरागामो (१८९८-१९६०) ह्यांनी अमेरिकेत चित्रपट कलावंतांसाठी पादत्राणे बनवून नाव मिळवले आणि १९२७ साली इटलीत परतून फ्लॉरेन्स येथे व्यवसाय सुरू केला. १९३३ साली त्यांना दिवाळखोरीला तोंड द्यावे लागले. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात पोलादाच्या टंचाईमुळे त्यांनी बुचाच्या सलग टाचेची पादत्राणे घडवली व ती जगभर लोकप्रिय झाली. इंदिरा देवी ह्या त्यांच्या ग्राहक होत्या. फेरागामो ह्यांच्या आत्मचरित्रातील उल्लेखानुसार, त्यांनी एका वेळी शंभर जोड्यांची मागणी नोंदवली होती आणि काही जोड्यांवर जडवण्यासाठी स्वतःच्या संग्रहातील मोती व हिरे पाठवले होते.

साडीच्या काठाखालून दिसणारे पाऊल हा पोशाखाचाच भाग मानून त्याचा स्वतंत्र विचार करणे, हे ह्या मागणीमागील सूत्र होते. कापड साधे आणि पादत्राण अलंकृत, असा तोल त्यातून साधला गेला.

मूल्यमापन

इंदिरा देवींच्या राहणीवर समकालीनांनी टीकाही केली. युरोपातील दीर्घ वास्तव्य, मेजवान्या आणि खरेदी ह्यांचा खर्च अखेरीस शेतीप्रधान संस्थानच्या महसुलाशी निगडित होता. त्यामुळे त्यांच्या शैलीचा अभ्यास संस्थानी अर्थव्यवस्थेपासून वेगळा काढता येत नाही. दुसरीकडे, त्यांना केवळ परदेशी नाममुद्रांच्या ग्राहक मानणेही अपुरे ठरते. कापडाचा पन्हा, पोत आणि पादत्राणावरील रत्ने ह्यांविषयीचे निर्णय त्यांचे स्वतःचे होते.

खारघर येथे संकुल असलेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी एखाद्या उंची नाममुद्रेच्या शैलीचा अभ्यास करावा लागतो. असा अभ्यास बहुधा रचनाकारापासून सुरू होतो. फेरागामो ह्यांच्याबाबतीत मात्र तो बडोद्यात वाढलेल्या एका मराठी राजकन्येपर्यंतही पोहोचतो आणि रचना घडण्यात ग्राहकाचा वाटा किती असतो, हे दाखवतो.

उत्तरायुष्य आणि निधन

गायत्री देवींचा विवाह १९४० साली जयपूरचे महाराज मानसिंह (दुसरे) ह्यांच्याशी झाला, तर मेनका देवी देवास (धाकटी पाती) ह्या मराठा संस्थानात दिल्या गेल्या. इला देवी आणि इंद्रजितेंद्र ह्यांचे निधन इंदिरा देवींच्या हयातीतच झाले. कूचबिहार संस्थान १९४९ साली भारतात विलीन झाले आणि १ जानेवारी, १९५० पासून तो पश्चिम बंगालचा जिल्हा बनला. उत्तरायुष्यात इंदिरा देवींचे वास्तव्य प्रामुख्याने मुंबईत होते. ६ सप्टेंबर, १९६८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.