मुंबईत माणसं वसवणारा गव्हर्नर

वारंगा फाट्यावरून एक रस्ता हिंगोलीला जातो, एक नांदेडला आणि एक हदगावमार्गे यवतमाळकडे. रस्ते एकत्र आले की तिथं आधी चहाची टपरी लागते, मग पंक्चरवाला येतो, मग हॉटेलं. बघता बघता फाट्याचं गाव होतं. पण दोस्तांनो, सगळ्याच वस्त्या अशा आपोआप वाढत नाहीत. काही ठिकाणी माणसांना बोलवावं लागतं, त्यांना भरवसा द्यावा लागतो. तुमच्यातले कितीतरी जण नोकरीसाठी जिथं जायची स्वप्नं बघतात, ती मुंबई अशीच वाढली. त्यामागे जेराल्ड ऑन्जिअर या इंग्रज गव्हर्नरचा मोठा वाटा होता.

१६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या लग्नाचा करार झाला. त्यात मुंबई बेट चक्क आंदण म्हणून दिलं गेलं. बेटावरच्या कोळी, भंडारी, आगरी लोकांना अर्थातच कुणी विचारलं नाही. राजाला हे बेट सांभाळणं परवडेना. १६६८ मध्ये त्यानं ते वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

हाच राजा तिकडे अमेरिकेतही जमिनी वाटत होता. इंग्रजांनी १६६४ मध्ये डचांकडून न्यू ॲमस्टरडॅम घेतलं, त्याचं न्यूयॉर्क झालं. १६८१ मध्ये विल्यम पेनला पेनसिल्व्हेनिया मिळालं. तिथं आणि इथं प्रश्न एकच होता. जमीन तर मिळाली, पण राहायला माणसं कुठून आणायची? पेननं धर्मस्वातंत्र्याची हमी देऊन युरोपातून नाना पंथांचे लोक बोलावले. ऑन्जिअर त्याच्या दहाएक वर्षं आधीच मुंबईत त्याच वाटेनं निघाला होता.

१६६९ मध्ये तो सुरतेच्या वखारीचा प्रमुख आणि मुंबईचा गव्हर्नर झाला. तेव्हाची मुंबई म्हणजे भरतीचं पाणी आत शिरणारी, दलदलीची आणि तापाची जागा. इंग्लंडहून आलेले शिपाई पटापट मरायचे. सगळा व्यापार सुरतेत. अशा ठिकाणी कोण शहाणा व्यापारी दुकान थाटेल, सांगा!

ऑन्जिअरनं आधी जमिनीचा घोळ मिटवला. पोर्तुगीज काळातल्या जमीनदारांना आपल्या जमिनी जातील अशी धास्ती होती. १६७२ मध्ये त्यानं त्यांच्याशी करार केला. सगळ्यांनी मिळून वर्षाला २०,००० झेराफिन, म्हणजे तेव्हाची पोर्तुगीज नाणी, भरायची आणि जमिनी त्यांच्याकडेच राहायच्या. त्याच वर्षी न्यायालय सुरू झालं. वेगवेगळ्या समाजांनी आपले तंटे आपल्या पंचायतीत सोडवावेत, अशी योजनाही त्यानं आखली.

मग आमंत्रणं गेली. गुजराती वाणी, पारशी, आर्मेनियन येऊ लागले. त्याच काळात मलबार हिलवर पारशांचा दोखमा उभा राहिला. दीवचा व्यापारी नीमा पारख मात्र पक्का होता. येण्याआधी त्यानं अटी घातल्या: आमचा धर्म आम्ही पाळू, मृतांना आमच्या रीतीनं अग्नी देऊ, कुणावर धर्मांतराची सक्ती नको, आमच्या आवारात जीवहत्या नको. १६७७ मध्ये त्याला ही हमी लेखी मिळाली.

दरम्यान संकटंही आलीच. १६७३ मध्ये डचांचं आरमार मुंबईसमोर येऊन ठाकलं. ऑन्जिअरनं तटबंदी आणि माणसं सज्ज ठेवली होती. डच न लढताच परतले. त्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्क मात्र परत घेतलं होतं, हे ध्यानात घ्या. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर गेलेला हेन्री ऑक्झिंडन हा ऑन्जिअरनंच पाठवलेला वकील. एकीकडे मराठे, दुसरीकडे मुघल आणि जंजिऱ्याचा सिद्दी. या सगळ्यांना सांभाळत तो बेट राखत होता. लंडनचे मालक तर तटबंदीच्या खर्चावरूनच कुरकुरत होते.

३० जून १६७७ रोजी सुरतेत त्याचा मृत्यू झाला. बेटाची वस्ती इंग्रज आले तेव्हा १०,००० च्या आसपास धरली जाते. त्याच काळात येऊन गेलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरनं ६०,००० चा अंदाज नोंदवला. आकडा फुगवलेला असेलही, पण गाव भरत होतं हे नक्की.

त्याला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. तो कंपनीचा नोकर होता आणि माणसं आली की व्यापार आणि महसूल वाढतो, हा त्याचा रोकडा हिशोब होता. अटी घालायची ऐपत नीमा पारखसारख्या पैसेवाल्यांचीच होती. गरीब विणकर, हमालाला कुणी असा कागद लिहून दिल्याचं ऐकलंय?

तरीही या हिशोबातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. परका माणूस आपल्या रीतीभातींसकट सुखानं राहू शकला, तर तो येतो, टिकतो आणि गाव मोठं करतो. उद्या तुम्ही पुण्या-मुंबईत रूम शोधायला जाल, तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारेल, मग डब्यात काय असतं ते विचारेल. त्या वेळी नीमा पारखचा कागद आठवा. आणि तुमच्या गावात कुणी नवखा भाड्यानं खोली मागायला आला, तर त्याला काय विचारायचं, तेही आताच ठरवून ठेवा.