कुंडीतील अंकुर

नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर हे गोदावरीचे उगमस्थान. याच क्षेत्री ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखतो.

दादासाहेबांचे वडील संस्कृतचे विद्वान होते. मुलाची ओढ मात्र चित्रकलेकडे होती. म्हणून १८८५ साली दादासाहेबांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी अनेक कला आत्मसात केल्या. त्यांतच छायाचित्रणाचा त्यांना नाद लागला.

या कलेवर चरितार्थ चालवावा, म्हणून त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दगावले. दुःखी मनाने त्यांनी ते गाव सोडले. बडोद्यासही या धंद्यात यश येईना. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो व त्यामुळे मृत्यू ओढवतो, अशी तेथे समजूत पसरली होती. त्यामुळे छायाचित्रासाठी बसण्यास लोक भीत असत.

पुढे दादासाहेबांचा दुसरा विवाह झाला. सरस्वतीबाई ही त्यांची पत्नी. दादासाहेबांनी छपाईच्या धंद्यात नाव मिळवले. पण भागीदारांशी न पटल्याने तोही सोडला. अशा स्थितीत १९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. आपल्या देशातील राम-कृष्णांच्या कथाही अशाच पडद्यावर याव्यात, असा ध्यास त्यांनी घेतला. रात्रंदिवस त्याच अभ्यासात गढल्यामुळे त्यांच्या डोळ्यांवर विलक्षण ताण पडला व काही काळ दृष्टीच गेली. सुदैवाने औषधोपचारांनी ती परत आली. तरीही त्यांचा निश्चय ढळला नाही. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तेथे चित्रपटनिर्मितीची माहिती मिळवली आणि कॅमेऱ्याची मागणी नोंदवून एप्रिलमध्ये परतले.

कॅमेरा आला; पण चित्रपटासाठी लागणारे भांडवल कोण देणार? न पाहिलेल्या गोष्टीवर लोकांनी विश्वास तरी कसा ठेवावा? दादासाहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा ठेवला. ठरावीक अंतराने ते त्या कुंडीची चित्रे घेऊ लागले. मातीतून अंकुर वर आला, पाने फुटली, वेल वाढला. महिन्याहून अधिक काळ हे काम नेटाने चालले होते.

त्या काळी पडद्यावर दर सेकंदाला सुमारे सोळा चित्रे सरकत. त्यामुळे इतक्या दिवसांची वाढ अवघ्या मिनिटभरात डोळ्यांसमोर उलगडली. रोप वाढताना कोणाला दिसत नाही; पण येथे बी हलले, अंकुराने मान वर केली आणि पाहता पाहता त्याचा वेल झाला! ही चित्रफीत पाहून यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहरे प्रभावित झाले आणि त्यांनी कर्ज देऊ केले. इवल्याशा रोपाने जणू दादासाहेबांची साक्ष दिली.

आता सारे घरच कामाला लागले. कोऱ्या फितीच्या कडांना नेमकी भोके पाडणे आणि चित्रित फीत रसायनांत धुणे ही नाजूक कामे सरस्वतीबाई शिकल्या. शिवाय चित्रपटासाठी जमलेल्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच सांभाळीत. मुलगा भालचंद्र याने रोहिदासाची भूमिका केली. सुमारे ३७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात जनतेसमोर आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

त्याच वर्षी दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलवला. तेथून अनेक मूकपट बाहेर पडले. १९१९ च्या ‘कालियामर्दन’ या मूकपटात त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. तिच्या चेहऱ्यावरील बदलते भाव त्यांनी आरंभीच टिपून ठेवले आहेत. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ते बालमुख आजही पाहता येते. एके काळी ज्या कॅमेऱ्याला लोक प्राण हरण करणारा समजत, त्यानेच एका लेकीचे बालपण जपून ठेवले!

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ भारत सरकारने १९६९ पासून चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. दादासाहेबांनी एवढे मोठे कार्य उभे केले, ते एका दिवसात नव्हे. कुंडीतील अंकुराकडे ज्या चिकाटीने त्यांनी पाहिले, त्याच चिकाटीने त्यांनी आपली कलाही वाढवली.